११२ ला फोन लावल्यापासून पोलीस दारात येईपर्यंत (पुणे ग्रामीण)

डोंगरपायथा

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं की ठाणं कळेल, ठाणं कळलं की त्या रात्री ड्युटीवर कोण होतं तेही कळेल. त्या दोघांची चूक नव्हती असं माझं मत आहे, त्यामुळे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेचं, धरणाकडेचं गाव एवढं पुरे.

मी कोथरूडला राहतो. गावी आत्या एकटी, वय ७८. पन्नास-साठ उंबऱ्यांचं गाव, त्यातली निम्म्याहून जास्त घरं कुलूपबंद. गणपतीत आणि जत्रेला तेवढी उघडतात.

गेल्या महिन्यात दोन दिवस गेलो होतो. रात्री आत्याने हलवून उठवलं. "शेजारच्या पडवीत कोणीतरी बॅटरी मारतंय." शेजारचं घर दिवाळीपासून बंद. खिडकीतून पाहिलं तर तीन माणसं, बंद करून उभी केलेली मोटारसायकल आणि कोयंडा उचकटल्याचा आवाज. मी फोन घेऊन न्हाणीत गेलो (आमच्याकडे रेंज तिथेच येते) आणि ११२ लावला. १ वाजून १७ मिनिटं.

फोन लगेच उचलला गेला, हे आधी सांगतो. बाई मराठीत, शांतपणे बोलत होत्या. गाव, तालुका, जवळची खूण? मी म्हटलं, भैरोबाचं देऊळ. नंतर माझं मलाच हसू आलं. आमच्या तालुक्यात भैरोबाचं देऊळ नसलेलं गाव दाखवा.

१:२६ ला गाडीवरच्या हवालदारांचा फोन. घाटात अपघाताच्या कॉलवर होते, तिथून निघत होते. गाडी दारात आली ३ वाजून ५ मिनिटांनी. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं.

चोर तोवर कुठल्या कुठे. आत्याने पडवीतला दिवा लावून "कोण रे तो मेल्या?" अशी आरोळी ठोकली, तेव्हाच ते गाडी ढकलत उताराला लागले. पाण्याची मोटार आणि दोन पितळी हंडे गेले.

उशीर का झाला ते गाडीतल्या टॅबवर दिसलं. आमच्या घराची खूण चक्क धरणाच्या पाण्यात! आमच्या मोबाईलला टॉवर मिळतो तो पलीकडच्या काठाचा. त्यामुळे ते आधी पलीकडच्या गावात गेले, तिथल्या भैरोबाच्या देवळापाशी उभे राहिले आणि मग धरणाला वळसा घालून इकडे आले. फोन करून विचारायचं तर मला पुन्हा न्हाणीत जाऊन बसायला हवं होतं आणि मी खिडकीला चिकटलेलो.

आत्याने चहा टाकला. हवालदार ओट्यावर टेकले आणि कप हातात असतानाच त्यांचा डोळा लागला. कप तिरका झाला, चहा मांडीवर सांडला तेव्हा दचकून जागे झाले. आदल्या दिवशी सकाळी आठपासून ड्युटी, मध्ये बंदोबस्त. "रात्री एवढ्या हद्दीत आम्ही दोघं न् ही गाडी," म्हणाले. पगाराचा विषय आत्यानेच काढला (ती कोणालाही विचारते). आकडा ऐकून म्हणाली, "एवढ्यात आमचे मास्तर रात्रीचे कूस पण बदलायचे नाहीत."

तुमच्याकडे किती वेळ लागतो? आणि पगाराचा याच्याशी खरंच काही संबंध आहे का?

नगररोडकर

आम्ही वाघोलीचे. २०२१ पर्यंत पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. मग लोणीकंद ठाणं शहर आयुक्तालयात गेलं तसे आम्हीही गेलो. २०२४ मध्ये शहरात सात नवी ठाणी झाली, आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, फुरसुंगी, काळेपडळ आणि आमचं वाघोली. फरक पडला. पूर्वी अंतर नडायचं, आता ट्रॅफिक नडतं. पण बीट मार्शल (गस्तीचे पोलीस) मोटारसायकलवर येतात, ते फटीतून निघतात. मागच्या दिवाळीत सोसायटीतल्या भांडणाला मोजून अकरा मिनिटं लागली.

गंमत म्हणजे आमचा पत्ता तोच, रस्ता तोच. हद्दीची रेघ तेवढी सरकली.

खाकीच्या_घरातून

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमचे हे ग्रामीणलाच आहेत. चहाच्या कपाचं काय सांगता, आमच्याकडे ताटावर झोपलेत.

पगाराचं विचारलंत म्हणून सांगते. शिपाई म्हणून लागलं की सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन २१,७०० पासून. त्याच गावचा तलाठी २५,५०० पासून, झेडपीच्या शाळेतले गुरुजी २९,२०० पासून, ऑफिसातला कारकून १९,९०० पासून. म्हणजे रात्री तीनला चोराच्या मागे धावणारा माणूस सरकारच्या लेखी कारकुनाच्या जरासा वर. तुमच्या आत्यांनी बरोबर ओळखलं.

पण खरी मेख घरभाडे भत्त्यात आहे. पुणे शहर सगळ्यात वरच्या वर्गात, खेडं सगळ्यात खालच्या. सातवा आयोग लागला तेव्हा शहराला २४ टक्के, खेड्याला ८. पुढे महागाई भत्त्याबरोबर टक्के चढले, तरी तिपटीचं गणित तसंच राहिलं. सरकार म्हणतं, खेड्यात भाडं कमी. अहो, पण खेड्यात आम्ही राहतो कुठे? मुलीची शाळा शहरात, सासूबाईंचं डायलिसिस शहरात. हे ठाण्यामागच्या खोलीत तिघांबरोबर, आम्ही धनकवडीत भाड्याने. भाडं शहराचं द्यायचं आणि भत्ता खेड्याचा घ्यायचा! मग प्रत्येक जण शहरात बदली मागतो यात नवल काय? तुमच्या गावाला जो मिळतो, तो एकतर नवीन असतो नाहीतर बदलीच्या वाटेवर बसलेला. नवीन माणसाला कुठला भैरोबा कुठे आहे ते कळायला वर्ष जातं, आणि कळलं की बदली.

सडेतोड

रडगाणं पुरे. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांना १७ लाखांवर अर्ज होते. इंजिनिअर झालेली पोरं पावसात १,६०० मीटर धावत होती. नोकरी इतकी वाईट असती तर धावली असती का? आणि मूळ वेतन सांगता तेव्हा 'वरचं' पण सांगा की. वाळूउपशाच्या, म्हणजे हप्त्यांच्या हद्दीत बदली मागताना कोणाला घरभाडं आठवत नाही.

खाकीच्या_घरातून

सडेतोड, वाळूची हद्द मागणारे आहेत, नाही म्हणत नाही. आमच्या ह्यांच्या हद्दीत वाळू नाही, करवंदं आहेत. कधी आलात तर पाटीभर देते.

भिकबाळी

वहिनींना _/\_

माजी_ठाणे_अंमलदार

३३ वर्षं नोकरी, त्यातली १९ ग्रामीणला. सडेतोड यांचा आकडा बरोबर आहे, पण त्यातून ते उलटी गोष्ट सिद्ध करताहेत. नोकरीला माणसं मिळत नाहीत असं आपल्याकडे कधीच नव्हतं. रांग मोठी, जागा थोड्या आणि आहेत त्या जागांवरची माणसं जागेवर नाहीत, हे दुखणं आहे.

आधी फोनचं सांगतो. पूर्वी १०० लावला की जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आमचाच एखादा जुना वायरलेसवाला उचलायचा. त्याला तुमचा भैरोबा माहीत असायचा, पुजाऱ्याचं नावसुद्धा. पण फोन लागायचाच असं नाही, आणि लागला तरी "असा कॉल आलाच नाही" म्हणायला कोणी मोकळा. आता ११२ नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात वाजतो, तिथून जिल्ह्याला, तिथून गाडीतल्या टॅबवर. कॉल कधी आला, गाडीने कधी घेतला, गाडी कधी पोहोचली, काय केलं, सगळं चढतं. लपवता येत नाही. नोंद पक्की झाली आणि ओळख पातळ झाली, असं मी म्हणेन. राजगडचंच बघा. राजगड नावाचं पोलीस ठाणं भोर तालुक्यात नसरापूरला, किल्ला वेल्हे तालुक्यात, आणि आता वेल्हे तालुक्यालाच राजगड म्हणायचं. दूर बसलेल्या मुलीने काय समजायचं?

आता माणसांचं गणित. समजा ठाण्याला कागदावर पन्नास जण. त्यातले काही साप्ताहिक सुट्टीवर, काही रजेवर, एखादा आजारी. दोघं कोर्टात पैरवीला, म्हणजे खटल्यांच्या पाठपुराव्याला. दोघं समन्स-वॉरंट घेऊन फिरतीवर. आरोपी पकडला तर दोघं त्याला कोर्टात न्यायला, त्याला ताप आला तर दोघं दवाखान्यात त्याच्या खाटेशी. मुद्देमालाला एक, संगणकाला एक-दोन, गोपनीय माहिती काढायला एक, ड्युट्या लावणारा हजेरी मेजर एक. चार जण वरच्या ऑफिसला 'अटॅच', त्यांचा पगार आमच्याकडे आणि चेहरा तिकडे. राहिले त्यांना दिवस आणि रात्र अशा दोन पाळ्यांत वाटा. रात्री ठाण्यात अंमलदार, वायरलेसला एक, लॉकअपला गार्ड. गाडीवर चालक आणि एक हवालदार. म्हणजे धागाकर्त्यांनी पाहिले तेच दोघं. त्यातही चालकाची भरती वेगळी. चालक रजेवर गेला तर पाच माणसं आणि डिझेल असूनही गाडी उभी. हे मी भोगलंय.

आणि हे झालं साध्या दिवसाचं. पुणे ग्रामीणचं वर्ष काढून बघा. १ जानेवारीला कोरेगाव भीमाचा बंदोबस्त, मग शिवजयंतीला शिवनेरी, महाशिवरात्रीला भीमाशंकर, सोमवती अमावस्येला जेजुरी, ज्येष्ठ-आषाढात आळंदीची आणि देहूची अशा दोन्ही पालख्या आपल्याच जिल्ह्यातून, पावसात लोणावळ्याला उसळलेली गर्दी, मग गणपती. निवडणूक आली तर वेगळंच. प्रत्येक वेळी माणसं कुठून काढतात? जिथे 'काही होत नाही' अशा डोंगराकडच्या ठाण्यांतून. तुमच्याकडे काही होत नाही, ही तुमची चूक.

एक सांगतो. कप हातात घेऊन झोपलेला माणूस पहाटे घाटात शेजारी बसून चालकाला जागं ठेवणार असतो. मिनिटं मोजताना हेही मोजा.

फिलीजवळ

मूळचा सासवडचा, सध्या पेन्सिल्वेनियात. इथे प्रश्न तोच आहे आणि पूर्ण उलटा आहे.

अमेरिकेत पोलीस म्हणजे एक खातं नाही, १८ हजारांच्या आसपास वेगवेगळी खाती. स्थानिक खात्यांपैकी जवळपास निम्म्यांत दहापेक्षा कमी अधिकारी. खर्च गावाच्या करांतून, मुख्यतः घरपट्टीतून. त्यामुळे पगार गाव ठरवतं आणि शेजारच्या श्रीमंत गावाने तासाला जास्त दिले की आमचा माणूस तिकडे. इकडे जागा आहेत, माणसं नाहीत. आमच्या गावातले दोघं अर्धवेळ आहेत, एक जण दिवसा छपराची कामं करतो. माझ्याच घराला पत्रे ठोकून गेला.

परवडेनासं झालं की गाव आपलं खातंच बंद करतं. पेन्सिल्वेनियात अडीच हजारांवर गावं-शहरं आहेत, त्यातली निम्म्याच्या आसपास पूर्णपणे राज्य पोलिसांच्या भरवशावर. त्याचं वेगळं बिल गावाला येत नाही, म्हणून ज्या गावांनी स्वतःचे पोलीस ठेवलेत ते चिडलेले असतात: आम्ही दोनदा भरतो, तुम्ही फुकट. दरवर्षी यावर वाद. आणि राज्य पोलिसांची गाडी लांबून येते, तेव्हा तिथेही लोक खिडकीत बसून घड्याळ बघतात.

तरी एक फरक आहे. इथे गावाच्या सभेत उभं राहून "पोलिसाला दोन डॉलर वाढवून द्या, घरपट्टी वाढली तरी चालेल" म्हणता येतं. तुमच्याकडे ग्रामसभेत म्हणून बघा.

डोंगरपायथा

@फिलीजवळ, हे मनात आलंच होतं. आमच्या पट्ट्यात फार्महाऊसवाले वाढलेत. ग्रामपंचायतीने त्यांच्याकडून वर्गणी काढून ठाण्याला काही देता येईल का? पगाराला जोड म्हणून?

माजी_ठाणे_अंमलदार

नाही. पोलीस हा राज्याचा विषय. शिपायाचा पगार मंत्रालय ठरवतं, नंदुरबारला तोच, पुण्यात तोच, भत्त्यांचा फरक सोडला तर. पैसे भरून बंदोबस्त मिळतो, क्रिकेटच्या सामन्याला वगैरे, पण ते पैसे सरकारजमा होतात. आणि खरं सांगू का? नसलेलंच बरं. वर्गणी फार्महाऊसवाल्यांची असेल तर रात्री गाडी कोणाच्या दारावरून फिरेल?

सडेतोड

या एका वाक्याला माझ्याकडून +१. नोंद घ्यावी.

पाटलाचा_नातू

इतका वेळ वाचतोय आणि एकाही शहाण्याने पोलीस पाटलाचं नाव काढलं नाही. आजोबा पोलीस पाटील होते, आता पप्पा आहेत.

डोंगरपायथा, राग मानू नका. तुम्ही नवी मुंबईला फोन केलात. तुमच्या गावचे पोलीस पाटील किती लांब राहतात?

१९६७ चा ग्राम पोलीस कायदा आहे, त्याखाली प्रांताधिकारी नेमणूक करतात. पगार नाही, मानधन. २०२४ मध्ये ते महिना ६,५०० वरून १५,००० झालं. त्याआधी ३,००० होतं, तेव्हा पप्पांचं पेट्रोलच जास्त व्हायचं. काम काय, तर गावात काहीही झालं की पहिला माणूस. विहिरीत प्रेत सापडलं की पंचनाम्याला पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळ पप्पा बसणार. एकदा आषाढात रात्री साडेआठ ते पहाटे पाच बसले होते, डोक्यावर इरलं घेऊन. प्रेतावर घालायला दुसरं काही नव्हतं म्हणून शेवटी ते इरलं पण तिकडे घातलं आणि स्वतः भिजत बसले. दारामागच्या खुंटीला शर्ट, विजेरी आणि काठी कायम असते. आईने तो शर्ट धुवायला घेतला की चिडतात.

आमच्याकडे ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे. एक टोल फ्री नंबर, त्यावर बोललं की तुमचा आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर एकदम वाजतो. दोन वर्षांपूर्वी एकाकडे चोर शिरले तेव्हा वाजला. सहा मिनिटांत चाळीस माणसं काठ्या घेऊन. पोलीस पाऊण तासाने आले, तोवर पप्पांनी चोराला शाळेच्या वर्गात कोंडून बाहेर खुर्ची टाकली होती. चोराला वाचवायला, कळलं ना? चाळीस काठ्या होत्या.

भिकबाळी

हे शेवटचं महत्त्वाचं. २०२४ मध्ये शिरूर-दौंडकडे रात्री ड्रोन फिरतात अशी आवई उठली होती, तेव्हा आमच्या मामांच्या गावात लोक रात्र-रात्र जागायचे. रस्ता चुकलेल्या एका टेम्पोवाल्याला पार धुणार होते. सहा मिनिटांत येणारी गर्दी मलाही हवी आहे, पण टेम्पोत मी असेन तर नको.

अवांतर: होमगार्डचा भत्ता २०२४ मध्येच दिवसाला ५७० वरून १,०८३ झाला. डोंगराकडच्या गावांना रात्रीपुरते दोन होमगार्ड कायमचे का देत नाहीत?

माजी_ठाणे_अंमलदार

देतात, बंदोबस्तापुरते. बंदोबस्त संपला की भत्ता संपतो, भत्ता संपला की माणूस घरी.

डोंगरपायथा

@पाटलाचा_नातू, राग कसला, लाज वाटली. आमचे पोलीस पाटील चार घरं सोडून राहतात. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. आत्याकडे होता, कॅलेंडरच्या मागे पेनने लिहिलेला, पण ती म्हणाली, "तू ११२ लावलास ना, मला वाटलं ते सगळ्यांना सांगतात." सकाळी ते आले तेव्हा पहिलं वाक्य, "मला हाक का नाही मारली?" मी काय बोलणार.

काल ग्रामसभेला गेलो होतो, म्हणून धागा वर काढतोय. ग्रामसुरक्षा यंत्रणेत नावं नोंदवायचं ठरलं. कुलूपबंद घरांच्या मालकांचे पुण्या-मुंबईचे नंबर गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं (४१ पैकी १९ झाले). घराचा नेमका ठिकाणा फोनवर कसा पाठवायचा ते दोन कॉलेजची पोरं म्हाताऱ्यांना शिकवणार आहेत. आत्याने आधीच सांगून टाकलंय की ती फक्त ओरडणार.

शिवाय सरपंचांनी एक गोष्ट काढली. पटसंख्या नाही म्हणून आमची शाळा बंद पडली, तिची एक खोली चांगली आहे. ती पोलिसांना रात्रीच्या मुक्कामासाठी द्यायची. आठवड्यातून तीन रात्री जरी गाडी धरणाच्या या काठाला थांबली तरी वळसा वाचेल. ठराव झाला. अर्ज साहेबांकडे घेऊन जायचाय. काका, अर्जात काय लिहावं?

माजी_ठाणे_अंमलदार

"पोलीस मदत केंद्र" असा शब्द वापरा, "चौकी" लिहू नका. चौकी म्हटलं की पदं मंजूर करायला फाईल वर जाते आणि वरच राहते. खोलीचा नकाशा, लाईटचं बिल कोण भरणार आणि गाडी लावायला जागा आहे का, एवढं जोडा. खाट दोन टाका, एक नको.

खाकीच्या_घरातून

आणि संडास? शाळेचा आहे तो चालू आहे का, पाणी येतं का, आतून कडी लागते का, ते आधी बघा. आता ग्रामीणला मुलीही गाडीवर असतात. महिला कर्मचारी पाठवायची म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो, आणि तिथेच अर्ज परत येतो.

डोंगरपायथा

संडास आहे. कडी नाही. शनिवारी जातोय, जाताना लक्ष्मी रोडवरून घेऊन जातो.